४० लिटरची सॅक आणि परक्या देशातले पहिले तीन तास: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

एकट्याने परदेशी फिरायची हौस बहुतेकदा उतरल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांतच विरते. झोप झालेली नसते, पट्ट्यावर सामान येत नसतं, फोनला नेट नसतं आणि दाराबाहेर टॅक्सीवाल्यांचा गराडा असतो. दोघं असले की एक सामान बघतो, दुसरा पैसे बदलतो. एकट्याला सगळं दोन हातांत उरकायचं. म्हणून या सॅकला कसोटी एकच लावली: विमानातून उतरून सरळ चालत बसपर्यंत जाता आलं पाहिजे. व्हिएतनाम, थायलंड, मलेशिया या तीन दौऱ्यांत ती कसोटीला उतरली. तक्रारी आहेत, त्या पुढे.

सॅक ४० लिटरची, सुटकेससारखी समोरून पूर्ण उघडणारी. माप ५५×३५×२२ सेंमी, रिकामं वजन १.३५ किलो. विकत घेताना सगळे लिटर बघतात, रिकामं वजन कोणी विचारत नाही. बहुतेक स्वस्त विमान कंपन्यांची केबिन मर्यादा ७ किलो. दोन किलोची दणकट सॅक घेतली की सामानाला पाचच उरतात. इथे हिशेब असा बसतो: कपडे १.९ किलो (तीन शर्ट, दोन पँट, आतले तीन जोड), चार्जर आणि पॉवर बँक ८०० ग्रॅम, साबण-दाढीचं सामान ६००, पावसाळी जॅकेट ३००, औषधं-कागदपत्रं ४००, खाऊ ८००, रिकामी बाटली १५०. सॅक धरून ६.३ किलो. उरलेले ७०० ग्रॅम मोकळेच ठेवा, कारण विमानतळाचा काटा आणि घरचा काटा क्वचितच जुळतात. खाऊमध्ये कोरडी चटणी, चिवडा चालतो. पातळ ठेचा किंवा लोणचं केबिनमधल्या पातळ पदार्थांच्या १०० मिलीच्या नियमात अडकतं. संत्रा बर्फीचे दोन डबे घातले तर हा सगळा हिशेब कोसळतो, तेवढा मोह आवरा.

नागपूरकरांना केबिन बॅगचा फायदा जास्तच, कारण आग्नेय आशियाला जाताना मुंबई, दिल्ली किंवा कोलकात्यात विमान बदलावं लागतं. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर चेक-इन केलेलं सामान मध्ये उतरवून पुन्हा द्यावं लागतं. देशांतर्गत विमानात १५ किलो चालले म्हणून पुढच्यात चालतील असं नाही. ज्या तिकिटाची मर्यादा कमी, तीच धरायची.

पाठीवर घेण्याचा क्रम दुकानात कोणी सांगत नाही. आधी सगळे पट्टे ढिले करा. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर आवळा. मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरचे छोटे तिरके पट्टे, शेवटी छातीचा. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीला. तळाशी जड भरलं की सॅक मागे ओढते आणि मान धरते. जायच्या आधी सात किलो भरून नागपूरच्या अंबाझरी तलावाला तासभर चाला. जिथे रुततं तिथे लगेच कळतं.

आता तक्रारी. पाठीची जाळी नावालाच आहे. नागपूरच्या मे महिन्यात पाठ भिजतेच आणि घामाच्या मिठाचे पांढरे डाग पडतात. पाचव्या महिन्यात डाव्या तिरक्या पट्ट्याची शिवण उसवली. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या मोच्याकडून नायलॉन दोऱ्याने दुहेरी शिवून घेतली, ती कंपनीच्या शिवणीपेक्षा पक्की निघाली. पावसाळ्यात कपाटात बंद ठेवली तर कापडाला आतून दिलेला पाणीरोधक पीयू (पॉलियुरेथेन) थर ओल धरून चिकट होतो. तो एकदा चिकट झाला की दुरुस्त होत नाही. सौम्य साबणाने पुसून सावलीत वाळवायची, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून चेन उघडी ठेवायची. चेन अडली तर जुन्या टूथब्रशने धूळ काढून मेणबत्ती घासा. सॅक पूर्ण भरली की बाटलीच्या कप्प्यात बाटली जातच नाही, आणि यावर काही उपाय नाही.

पण नुसत्या सॅकने हुरूप टिकत नाही. घरच्या वायफायवर आटपायची कामं अशी. ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्ये डाउनलोड होणारं सिम) घरीच टाका आणि तिथे पोहोचल्यावर त्याच लाइनचं डेटा रोमिंग सुरू करा. भारतीय सिम ओटीपीसाठी चालू ठेवा, पण त्याचं डेटा रोमिंग बंद. ग्रॅब या तिथल्या टॅक्सी अ‍ॅपची ओटीपी पडताळणी इथेच उरका. डेबिट कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करा, मुळात तो बंदच असतो. परदेशी मशीनने रुपयांत पैसे घेऊ का विचारलं तर नाही म्हणा. तिथल्याच चलनात द्या, नाहीतर दर वाढवून लावतात.

व्हिएतनामचा एकेरी ई-व्हिसा सरकारी साइटवर २५ डॉलरला मिळतो. सारख्या दिसणाऱ्या दलाल साइटी जास्त उकळतात. अर्जात नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच लिहा, त्या नावात वडिलांचं नाव असेल तर त्यासकट. कुठल्या विमानतळावर उतरणार तेही तिथेच निवडावं लागतं.

हनोईत नोई बाय विमानतळाबाहेर ८६ नंबरची बस ४५,००० डोंगांत (डोंग म्हणजे तिथलं चलन) जुन्या शहरापर्यंत नेते. ढोबळ हिशेब: तीन शून्यं काढून तिपटीहून थोडं जास्त, म्हणजे साधारण १५० रुपये. २०,००० आणि ५ लाखांची नोट, दोन्ही निळ्या. थकलेल्या डोळ्यांना त्या एकच वाटतात, म्हणून ५ लाखांच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. आणि तिथल्या पाटीवर ‘चाय’ वाचून चहाच्या आशेने आत शिरू नका, ते शाकाहारी जेवण आहे. फिश सॉस टाळणाऱ्या माणसाला तीच पाटी शोधायची असते.