आठ महिने, सहा इंजेक्शनं: बेनरालिझुमॅब घेतल्यावर

मला तीव्र दमा आहे आणि त्यासाठी बेनरालिझुमॅबचं इंजेक्शन घेते. आधी आकडे सांगते, कारण दुसऱ्याचा अनुभव वाचताना मीही आधी तेच शोधते. जानेवारीत रोज 10 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, दोन्ही वेळा बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप आणि तरीही रक्तात इओसिनोफिल (दम्यात श्वासनलिका सुजवणाऱ्या पांढऱ्या पेशी) 640. त्याआधीच्या वर्षात चार वेळा गोळी 40 वर न्यावी लागली होती. आज गोळी 2.5 वर आहे, पंप तसाच चालू, इओसिनोफिल शून्य. शून्य बघून लॅबमधून फोन आला, "मॅडम, सॅम्पल परत देता का? काहीतरी गडबड झालीय." गडबड नव्हती.

त्या 640 चा अर्थ मला फार उशिरा कळला. स्टेरॉइड घेतलं की इओसिनोफिल मरतात आणि रिपोर्टमधला आकडा उतरतो. रोज न चुकता गोळी घेऊनही तो चढाच राहतो, म्हणजे या पेशींना कुठून तरी रसद मिळतेय. ही रसद म्हणजे आयएल-5 नावाचं प्रथिन. ते प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी बनवतात आणि आयएलसी-2 नावाच्या पेशीही बनवतात. धूर, विषाणू, बुरशी यांनी श्वासनलिकेचं अस्तर डिवचलं की ते टीएसएलपी नावाचा निरोप सोडतं, आणि तो पोचलेल्या आयएलसी-2 स्टेरॉइडला दाद देईनाशा होतात. मी इतकी वर्षं समजत होते की माझं अंग गोळीला सरावलंय.

हे इंजेक्शन आयएल-5 ला हातही लावत नाही. इओसिनोफिलवर आयएल-5 जिथं बसतं, नेमकी ती जागा हे अडवतं आणि वर नॅचरल किलर नावाच्या मारेकरी पेशींना बोलावून त्या इओसिनोफिलचाच निकाल लावतं. त्यामुळे पहिल्या डोसनंतर आकडा उतरायला आठवडे लागत नाहीत, एखाद-दोन दिवसांत तो तळाला जातो.

डॉक्टरांनी मात्र लगेच लिहून दिलं नाही. पहिल्याच भेटीत म्हणाले, पंप घेऊन दाखवा. चौदा वर्षं पंप घेतेय, आणि दाबल्यावर श्वास उशिरा ओढत होते! स्पेसर (पंपाला जोडायची नळी) दिला आणि दोन महिने थांबवलं. तेव्हा राग आला होता, आता येत नाही. मग आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रथिन), अ‍ॅस्परजिलस बुरशीची तपासणी आणि शौचाची तपासणी. शेवटची कशाला, असं विचारलं तर म्हणाले, जंतांशी लढायला इओसिनोफिल लागतात, तेच काढून टाकायचे तर पोटात जंत नकोत.

डोस 30 मिलिग्रॅम, कातडीखाली. पहिले तीन चार-चार आठवड्यांनी, पुढचे आठ-आठ आठवड्यांनी. फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवायचं आणि अर्धा तास आधी बाहेर काढायचं, थंडच टोचलं तर चांगलंच झोंबतं. आणताना बर्फाला चिकटवू नका, गोठलं तर वाया गेलं. मला दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, बाकी काही नाही.

रात्रीचा खोकला दुसऱ्या इंजेक्शनच्या आत थांबला. गोळी उतरवणं हे खरं काम होतं. 5 पर्यंत सहज आले, तिथून खाली मात्र सांधे धरायला लागले आणि सकाळी अंथरुणातून उठवेना. सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे अंगात आपोआप बनणारं स्टेरॉइड, तपासलं तर कमी. इतकी वर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपी गेली होती, तिला जागं व्हायला वेळ हवा. म्हणून 2.5 वर अडकलेय. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, याच इंजेक्शनच्या झोंडा चाचणीत 28 आठवड्यांत निम्म्या रुग्णांची गोळी 75 टक्के किंवा त्याहून जास्त उतरली होती. नुसतं दिखाव्याचं इंजेक्शन मिळालेल्यांत हाच मधला आकडा 25 टक्के होता. 10 वरून 2.5, म्हणजे मी अगदी मधोमध. चेहऱ्याची सूज उतरली, हा बोनस.

आता जे बदललं नाही ते. फेनो (उच्छ्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडचं माप, श्वासनलिकेची सूज दाखवतं) आधी 58 होता, आता 51. तो मुख्यतः आयएल-13 या दुसऱ्या प्रथिनामुळे वाढतो आणि त्या वाटेवर हे इंजेक्शन फारसं पोचत नाही. जुलैच्या पावसात साध्या सर्दीतून छाती भरली, शिट्टी वाजायला लागली, पिवळा कफ. इओसिनोफिल शून्य असताना! कफात सगळे न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी, निघाले. त्यांचं आयुष्य तर स्टेरॉइडनं उलट वाढतं. त्यामुळे या वेळी 40 ची गोळी नाही. अँटिबायोटिक, नेब्युलायझर आणि ग्रंथी झोपलेली म्हणून थोडे दिवस गोळी दुप्पट, एवढंच. शेजारच्या अगरबत्तीनं अजूनही खोकते.

खर्चाबद्दल एवढंच सांगते की दर आठ आठवड्यांनी माझा एक पगार जातो. विमा कंपनीनं "ॲडमिट नव्हता" म्हणून दोनदा क्लेम फेटाळला, तिसऱ्यांदा डे-केअरची कागदपत्रं जोडल्यावर थोडे पैसे आले.

ज्यांचे इओसिनोफिल मुळातच कमी आहेत त्यांनी एवढा खर्च करण्याआधी नीट विचारावं; मारायला पेशीच नसतील तर इंजेक्शन काय करणार? पण गोळीवर असताना काढलेला कमी आकडा फसवा असू शकतो. गोळी सुरू होण्याआधीचे जुने रिपोर्ट कपाटात असतील तर शोधून सोबत न्या. माझा 2016 चा एक सापडला, त्यावर 1,100 होते.