आठ महिन्यांनंतर ट्रेलरची पाण्याची टाकी: बाकी ठीक, ती तोटी सोडून

ट्रेलर किती लांब, आत किती जण झोपतात, ते माहितीपत्रकात वाचा. मी फक्त पाण्याबद्दल लिहिणार आहे, कारण गेले कित्येक महिने पाण्यानेच माझं डोकं खाल्लंय.

पहिले तीन महिने तक्रारीला जागा नव्हती. मग ट्रेलर सात आठवडे उन्हात उभा राहिला आणि टाकी अर्धी भरलेली. चूक माझीच. चांगलं पाणी कशाला ओतून द्यायचं, हा माझा हिशेब. परत आल्यावर बायकोने ग्लास नाकाशी नेला आणि न बोलता तसाच खाली ठेवला. गार पाण्याला ओल्या फडक्याचा वास, गरम पाण्याला सडक्या अंड्याचा.

दुरुस्तीवाल्याने दारातूनच निकाल दिला: टाकी बदला, गिझर बदला, वॉरंटीत बसत नाही. तपासणीचे पैसे मात्र घेतले. नक्की काय तपासलं, विचारलं तर म्हणे, "अनुभव आहे." ते बिल अजून जपून ठेवलंय. त्याच रागात मी स्वतः हात घातला.

टाकी आणि नळ्या ब्लीचच्या पाण्याने धुवायच्या, आणि त्याचं प्रमाण सोपं आहे. पाच टक्के क्लोरीनचं साधं घरगुती ब्लीच लिटरमागे एक मिली घातलं की लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीन होतो. माझी टाकी 150 लिटरची, गिझर 22 चा, म्हणून 175 मिली. आधी बादलीभर पाण्यात मिसळायचं, मग टाकीत ओतायचं. एकेक नळ उघडून ब्लीचचा वास येईपर्यंत पंप चालवायचा, टाकी पुन्हा काठोकाठ भरायची आणि किमान चार तास हात लावायचा नाही. मी रात्रभर ठेवतो. बाहेरचा शॉवर आणि संडासाचा फ्लशही चालवा. पहिल्या वेळी शॉवर विसरलो आणि त्या नळीतलं जुनं पाणी तसंच राहिलं. फिल्टरची कांडी आधी काढून ठेवा, नाहीतर त्यातला कोळसाच क्लोरीन खाऊन टाकतो आणि पुढच्या नळापर्यंत काही पोचत नाही. ब्लीच बिनवासाचंच घ्या. घरात सुगंधी, दाटसर बाटली पडून होती, ती वाया जाऊ नये म्हणून मी तीच वापरली. पुढचे चार दिवस दात घासताना कपडे धुतल्यासारखं वाटत होतं.

गार पाणी पहिल्याच फेरीत सुधारलं. गरम पाण्याचा वास जागच्या जागी. तेव्हा लक्षात आलं की गिझरचा बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी गिझरला वगळून पुढे नेणारी झडप, मीच फिरवून ठेवला होता, म्हणजे ब्लीच आत गेलंच नव्हतं. अंड्याचा वास गिझरमध्येच तयार होतो. माझ्या गिझरची टाकी पोलादी आहे आणि ती गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी असते, तिला ॲनोड म्हणतात. साचलेल्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंना या कांडीची चांगलीच साथ मिळते आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. गॅस आणि वीज बंद केली, पाणी थंड होऊ दिलं, गरम नळ उघडून दाब सोडला आणि मगच कांडी फिरवून काढली. अर्धी खाल्लेली, आणि मागोमाग पांढरा चिखल. टाकी आतून धुतली, नवी कांडी बसवली, या वेळी बायपास बंद करून ब्लीच गिझरच्या आत घेतलं. वास गेला. गिझर भरल्याची खात्री होईपर्यंत तो चालू करू नका, विजेवरचा असेल तर कोरड्यात कॉइल जळते. व्हिनेगरचाही सल्ला मिळेल. तो वेगळा उपाय आहे. दोन्ही एकत्र केले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता तोटी. टाकी रिकामी करायची तोटी तळाला नाही, बाजूला, तळापासून चार बोटं वर आहे. कोणी आणि का बसवली, देव जाणे. तोटी उघडा, धार थांबेपर्यंत वाट पाहा, टाकी रिकामी झाली म्हणून खूश व्हा, आणि आत पाणी तसंच. हातपंपाने उपसून मोजलं: 11 लिटर. म्हणजे सात आठवड्यांच्या पाण्यातलं 11 लिटर मी प्रत्येक वेळी नव्या पाण्याला आंदण देत होतो. या एका गोष्टीसाठी ट्रेलरला पाचपैकी एक तारा द्यायचं ठरवलं होतं.

इथवर लिहून ठेवलं होतं. पुढचं तीन आठवड्यांनी लिहितोय आणि थोडं मागे घेतोय. ते 11 लिटरही ब्लीचमध्येच भिजतं, म्हणजे ते घाण राहतं हा माझा आरोप खोटा. खरा प्रश्न खळखळून धुण्याचा आहे. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली हवा. टाकी पूर्ण भरून एकदा धुतली तर 139 लिटर जातं आणि 3.7 उरतो, जेमतेम. त्याऐवजी 40-40 लिटरच्या तीन फेऱ्या केल्या तर 120 लिटरमध्ये अर्ध्या मिलिग्रॅमवर येतं. कमी पाणी, जास्त स्वच्छ. हे कळलं त्या रात्री मला झोप लागेना. दर फेरीचं पाणी मात्र सगळ्या नळांतून काढा आणि शेवटी क्लोरीनच्या चाचणीपट्टीने बघा, नाकावर विसंबू नका. त्याला वासाची सवय होते.

मग आणखी एक गंमत सापडली. तोटी मागच्या बाजूला आहे, म्हणून पुढचा जॅक वर चढवला. 11 चे 4 लिटर झाले आणि दोन फेऱ्यांतच काम भागलं, म्हणजे आणखी 40 लिटर वाचले. तारे तीन केले. सगळं ब्लीचचं पाणी सांडपाण्याच्या टाकीतून गेल्याने तिचाही वास कमी झाला, ते फुकटात. ती टाकी लहान असल्याने मध्येच रिकामी करावी लागते, एवढं लक्षात ठेवा.

आता लांब थांबायचं असलं की टाकी रिकामी करूनच थांबतो. ट्रेलर नाक वर करून उभा दिसला की शेजारी उभे असलेले मदतीला येतात, चाक खड्ड्यात गेलंय का म्हणून. बायको आतूनच ओरडते, "काही नाही, सात लिटर काढताहेत."