२,२९९ रुपयांचं मासेमारीचं किट आणि भीतीत घालवलेले दोन दिवस

हे लिहायला तीन महिने लागले. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण लेकीसमोर फसलो ही टोचणी जास्त होती. परवा आमच्याच सोसायटीतला एक कॉलेजचा मुलगा मोबाइल घेऊन आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही गळाने मासे गरवायला जाता ना, हे किट घेऊ का?" जाहिरात बघितली आणि पोटात गोळा आला. म्हणून आता सगळं लिहून टाकतोय.

मी ठाण्यात कोलशेतला राहतो. गरी टाकायचा नाद वडिलांपासूनचा. ते आम्हाला गायमुखला खाडीवर न्यायचे तेव्हा हातात नुसता दोर असायचा, पत्र्याच्या डब्याला गुंडाळलेला, टोकाला शिसं आणि गळ. त्यावर शिंगाळा मिळायचा, कधी तांब, आणि नशीब जोरावर असेल त्या दिवशी जिताडा. लेक सातवीत गेली आणि "बाबा, मलापण यायचंय" म्हणून मागे लागली. तिला तिचा स्वतःचा रॉड द्यायचा असं मनात होतं. दुकानात विचारलं तर बरा कार्बनचा रॉड आणि रीळ मिळून साडेतीन-चार हजारांच्या खाली येत नव्हते. त्याच आठवड्यात मोबाइलवर ती जाहिरात दिसली.

'शिकार, मासेमारी आणि रानातला स्वयंपाक, सगळं एका बॅगेत.' ८,९९९ वर काट मारून खाली २,४९९. आधी पैसे भरले तर आणखी २०० कमी. सात फुटी कार्बनचा टेलिस्कोपिक रॉड, १२ बेअरिंगचं रीळ, ४० पौंड पेलणारी ब्रेडेड लाइन (म्हणजे विणलेली दोरी), मासे साफ करायचा सुरा, बीडाचा छोटा तवा. शेवटी 'सर्व्हायव्हल ॲक्सेसरीज' एवढंच लिहिलेलं. मी २,२९९ भरून मोकळा झालो.

त्या साइटवर कंपनीचं पूर्ण नाव नव्हतं, पत्ता नव्हता, तक्रार कुणाकडे करायची तेही नव्हतं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याला हे सगळं दाखवावंच लागतं. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. हे मला नंतर कळलं. पत्ता नाही एवढं तर डोळ्यांना दिसत होतं, तरी मी पुढे गेलो, कारण किंमत बघून डोकं चालेनासं झालं होतं.

नऊ दिवसांनी खोका आला. त्यावर ना आयात करणाऱ्याचं नाव, ना एमआरपी, ना माल कुठल्या देशातला. पण लेकीने रॉड उघडला, घरभर नाचली, आणि मला खोक्याकडे बघायची शुद्ध राहिली नाही.

रविवारी पहाटे गायमुखला गेलो. भरती चढत होती, पाणी गढूळ पण बरं होतं. गळाला जिवंत कोळंबी लावली, दोन औंसाचं शिसं बांधलं आणि लेकीला फेकायला शिकवलं. पहिली फेक जवळच पडली. दुसऱ्या फेकीला तिने हात मागे नेऊन जोर लावला आणि मुठीच्या वर वीतभर अंतरावर रॉडचा कडाक्कन तुकडा पडला. मासा नाही, अडकलेला गळ नाही, नुसत्या फेकीत. ती घाबरून तुटकी बाजू घट्ट धरून उभी राहिली आणि काचेचे बारीक धागे तिच्या तळहातात घुसले. शेजारी बसलेल्या एका कोळी आजोबांनी तुकडा उचलला, तुटलेलं टोक उन्हात धरलं आणि म्हणाले, "बाळा, कार्बन आतून काळा असतो. हा बघ, पांढरा." खरंच, आत पांढरे पिवळट धागे पिंजारले होते. वर फक्त कार्बनच्या विणीचं चित्र असलेला कागद चिकटवून लॅकर मारलेला. फायबरग्लासचा रॉड वाईट नसतो, मजबूत असतो, मी स्वतः वर्षानुवर्षं वापरलाय. पण हा कागदासारखा पातळ होता, आणि कार्बन म्हणून विकला होता. घरी येऊन चिमट्याने एकेक धागा काढायला तासभर लागला. लेक रडली नाही, म्हणून मलाच जास्त रडू येत होतं.

संध्याकाळी एकेक वस्तू तपासायला बसलो. इलेक्ट्रिशियन मित्राने रॉडच्या तुकड्याचा रंग खरवडून मल्टिमीटर लावला. कार्बनमधून वीज वाहते, काचेतून नाही. काटा ढिम्म. (म्हणूनच खरा कार्बन रॉड विजेच्या तारांखाली उभा धरू नये, हेही जाता जाता सांगतो.) मग लाइन घेतली. ४० पौंड म्हणजे साधारण १८ किलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून बादली टांगून मगाने पाणी ओतत गेलो. गाठीपाशी लाइन थोडी कमजोर होते हे धरलं तरी दहा-बारा किलो तरी पेलायला हवेत. पाचव्या लिटरला तुटली. तव्याला फ्रिजवरचं चुंबक लावलं तर चिकटेना. बीडाला चुंबक धरतंच, म्हणजे हे ॲल्युमिनियम, वर काळा रंग. गॅसवर ठेवला तर रंगाचा धूर निघाला, आणि लिंबू चोळल्यावर बोटं काळी झाली. यावर आम्ही मासे तळणार होतो.

आणि तळाशी 'सर्व्हायव्हल ॲक्सेसरीज'ची पिशवी. तिच्यात तारेचे सहा फास निघाले. रानात डुकराला, सशाला लावतात तसले. मी ते मागवले नव्हते, पण ते बघून हात गार पडले. गायमुखच्या वरच नागला बंदर आणि येऊरचं जंगल, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. असे फास डुकरासाठी लावतात आणि त्यात बिबट्याही अडकून तडफडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास लावणं हीसुद्धा शिकारच.

सोमवारी खोक्यातल्या चिठ्ठीवरच्या नंबरला फोन केला. पलीकडचा माणूस अगदी घरच्यासारखं बोलला. "दादा, माफ करा, माल खराब आला. लगेच रिफंड देतो." त्याने एक क्यूआर पाठवला. "हा स्कॅन करा, तुमचा रिफंड कोड ९८७२, तो रकमेच्या चौकटीत टाका आणि पिन टाकून कन्फर्म करा." मी केलं. खात्यातून ९,८७२ रुपये गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे दिले. हे मी ऑफिसात दहा जणांना सांगितलेलं आहे. तरी 'कोड' म्हटल्यावर बोटं चालली.

मी ओरडलो तेव्हा त्याचा आवाज बदलला. "शिकारीचं साहित्य तुमच्या नावाने मागवलंय. बिल आमच्याकडे आहे. तक्रार केलीत तर वनखात्याची केस तुमच्यावर होईल. जामीन मिळत नाही." फोन कट.

मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. ते फास चुकून आले नव्हते. ते खोक्यात टाकले होते ते माझं तोंड बंद ठेवायला. आणि तोंड बंद राहिलं. दोन दिवस मी कुणालाच काही बोललो नाही. जेवण जाईना, दारावर बेल वाजली की दचकायचो, फासांची पिशवी माळ्यावर लपवून ठेवली. शेवटी बायकोने धरून बसवलं. सगळं ऐकून म्हणाली, "अहो, तुम्ही कुठे फास लावलेत का? मग घाबरता कशाला? आत्ताच्या आत्ता फोन करा."

१९३० ला फोन लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. व्यवहाराचा नंबर, वेळ, बँक विचारली आणि तक्रार नोंदवून क्रमांक दिला. पैसे ज्या खात्यात गेले ते बँकेमार्फत गोठवतात, पण पैसे अजून तिथे असतील तर. माझ्या ९,८७२ पैकी १,४०० अडकले, बाकीचे पैसे गेले त्याच दुपारी एटीएममधून निघाले होते. पहिल्या तासाभरात फोन केला असता तर कदाचित बरेच वाचले असते. रॉडच्या २,२९९ साठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर वेगळी तक्रार केली, पण विकणाऱ्याचा पत्ताच नसल्याने ती तिथेच अडली आहे.

फास मी स्वतः वनखात्याच्या कार्यालयात नेऊन दिले, सोबत जाहिरातीचा आणि खोक्याचा फोटो. तिथल्या साहेबांनी लिहून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "आणून दिलंत हे बरं केलंत." केस वगैरे काही झाली नाही. कुठलाही पोलीस किंवा वनाधिकारी विकणाऱ्याच्या फोनवरून धमकी देत नाही.

लेकीला नंतर दुकानातून फायबरग्लासचा साधा रॉड घेतला, रिळासकट १,८०० ला. दुकानदाराने टोक जमिनीला टेकवून कमान करून दाखवली, रिळाची मूठ डुगडुगते का ते बघायला दिलं, रॉडवरच्या कड्यांच्या आतलं सिरॅमिक नखाने तपासू दिलं, बिल दिलं. ऑनलाइन दोन-अडीच हजारांत 'कार्बन' शोधत बसलो नसतो तर हा पहिल्याच दिवशी घरात आला असता. मागच्या भरतीला तिने त्यावर हातभर शिंगाळा काढला. काटा लागू नये म्हणून मीच सोडवला.

आणि ती जाहिरात. सोसायटीतल्या मुलाने दाखवली तेव्हा पेजचं नाव वेगळं होतं, किंमत २,१९९ होती. फोटो मात्र तोच: हिरव्या चटईवर मांडलेला रॉड, काळा तवा, लाल मुठीचा सुरा, आणि डाव्या कोपऱ्यात बंद पिशवी.