ह्युमिडिफायर घेताय? अल्ट्रासॉनिक, वातीचा की वाफेचा

तिन्ही प्रकार हवेत ओलावा सोडतात. टाकीतलं पाणी खराब झालं की मात्र तिन्ही वेगळे वागतात, आणि माझ्या मते आवाज, आकार, दिवे यांच्या आधी तेच बघायला हवं.

अल्ट्रासॉनिक शांत चालतो, वीज कमी खातो, म्हणून तो बहुतेकांना आवडतो. पण तो पाण्याची वाफ करत नाही. कंपनांनी पाणी फोडून, आहे तसं तुषारांच्या रूपात हवेत उडवतो. टाकीत बुळबुळीत थर धरला असेल तर त्यातले जिवाणू आणि बुरशी, शिवाय नळाच्या पाण्यातले क्षार, सगळं श्वासावाटे आत जातं. (फर्निचरवर दिसणारी पांढरी पूड म्हणजे हेच क्षार.) काहींच्या फुप्फुसांना त्यामुळे ॲलर्जीतून सूज येते. डॉक्टर त्याला ‘ह्युमिडिफायर लंग’ म्हणतात. असे तुषार श्वासात गेल्यावर ४ ते ८ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, धाप. माणूस फ्लू समजतो. चार दिवस परगावी गेलं की बरं वाटतं, घरी परतलं की पुन्हा तेच. असं होत असेल तर डॉक्टरांना यंत्राबद्दल आवर्जून सांगा, कारण दीर्घकाळ दुर्लक्ष झालं तर फुप्फुसांवर कायमचे व्रण पडू शकतात.

वातीच्या प्रकारात पंखा ओल्या वातीतून हवा ओढतो. क्षार आणि बरेचसे जंतू मागेच राहतात. वात मात्र वेळेवर बदलावी लागते. वाफेचा पाणी उकळतो, त्यात जंतू मरतात. पण वीज जास्त लागते आणि पोळण्याची भीती असते.

घरात लहान मूल असेल तर मी वातीचा घेईन, एरवी वाफेचा. अल्ट्रासॉनिक घ्यायचाच तर डिस्टिल्ड पाणी वापरा. कोणताही घ्या, पाणी रोज बदला, टाकी दर तिसऱ्या दिवशी घासा, आणि खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. एवढं जमणार नसेल तर घेऊच नका.

टाकीत जंतुनाशक घालून यंत्र कधीही चालवू नका. दक्षिण कोरियात अशी द्रावणं १९९४पासून विकली जात होती. २०११मध्ये गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांची फुप्फुसं निकामी होऊ लागली, तेव्हा कुठे त्यातल्या पीएचएमजीसारख्या रसायनांकडे लक्ष गेलं. म्हणून टाकी जंतुनाशकाने धुतलीत, तरी त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत ती साध्या पाण्याने खळबळून घ्या.