भागीदारीपत्र की सबकॉन्ट्रॅक्ट: क्लायंट एकाचा, काम दोघांचं

एकाकडे क्लायंट आहे, दुसऱ्याच्या हातात कसब आहे, आणि दोघांचं जमतंही. अशा वेळी ‘चल, पार्टनरच होऊ’ हे वाक्य जरा लवकरच येतं. मी अडीच वर्षं भागीदारीत काढली आणि आता सबकॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे क्लायंट एकाचाच ठेवून ठरल्या मोबदल्यात दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं अशा करारावर, कामं देतो-घेतो.

भांडण झालंच तर नफ्याच्या वाट्यावरून होईल, असं मला वाटायचं. ते कधीच झालं नाही. बिनसलं एका ईमेलवरून. क्लायंटने विचारलं होतं, जुन्या साइटवरचा सगळा मजकूरही नव्या साइटवर आणून द्याल ना? भागीदाराने लिहिलं, ‘होऊन जाईल, काळजी नसावी.’ त्या चार शब्दांपायी आमचे सात आठवडे फुकट गेले. मी कबूल केलेलंच नाही, असं म्हणून पाहिलं. तुम्ही नाही, फर्मने केलंय, असं उत्तर आलं. आणि ते बरोबरच होतं. १९३२च्या भागीदारी कायद्यात प्रत्येक भागीदार धंद्याच्या कामापुरता फर्मचा एजंट, म्हणजे फर्मच्या वतीने शब्द देऊ शकणारा, असतो, आणि फर्मच्या देण्याला सगळे मिळून तसेच एकेकटेही जबाबदार असतात. दोघांच्या संमतीशिवाय शब्द द्यायचा नाही, असं आमच्या भागीदारीपत्रात होतं की! पण क्लायंटला ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याच्यापुढे ते कलम कुचकामी ठरलं.

त्यात फर्मची नोंदणीही केलेली नव्हती. ती सक्तीची नाही, हे खरं. पण नोंदणी नसलेल्या फर्मला करारातल्या पैशांसाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. एलएलपीत, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीत, दुसऱ्याच्या चुकीची झळ सहसा आपल्या घरापर्यंत येत नाही, पण दिलेला शब्द एलएलपीला पाळावा लागतोच, शिवाय काम असो-नसो, दरवर्षीची विवरणपत्रं चुकत नाहीत.

सबकॉन्ट्रॅक्टही काही धुतल्या तांदळासारखा नाही. ‘क्लायंटचे पैसे आले की देतो’ हे मी ऐकलंय आणि, खरं सांगायचं तर, म्हटलंयही. म्हणून तारीख लिहून घ्यावी. काम करणाऱ्याची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडे उद्यम नोंदणी असेल, तर लेखी करारातही ४५ दिवसांपलीकडची मुदत चालत नाही.

दुसरी अडचण हक्कांची. नोकराने केलेल्या कामाचा कॉपीराइट साधारणपणे मालकाचा होतो. सबकॉन्ट्रॅक्टरचा सहसा नुसते पैसे दिले म्हणून आपला होत नाही, तो सहीनिशी लेखी घ्यावा लागतो. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. माझ्या पहिल्या वर्क ऑर्डरमध्ये दोन्ही नव्हतं. क्लायंटला मी कायमचे हक्क देऊन बसलो होतो, आणि माझ्या हातात होते पाच वर्षांचे! समोरचा भला निघाला, एका पानाच्या दुरुस्तीवर भागलं.

एका बाबतीत मात्र भागीदारी वरचढ आहे. बाहेर पडणाऱ्या भागीदाराने ठरावीक काळ, ठरावीक हद्दीत तोच धंदा करू नये, असं वाजवी बंधन घालता येतं. सबकॉन्ट्रॅक्टरवर करार संपल्यानंतरही तसं बंधन घालू पाहाल, तर करार कायद्याच्या कलम २७पुढे ते टिकणं कठीण. दोघांचं भांडवल अडकणार असेल किंवा एकाच नावाने वर्षानुवर्षं काम करायचं असेल, तर मीही कदाचित भागीदारीकडेच, म्हणजे एलएलपीकडे, वळेन.

एरवी एक मुख्य करार आणि दर कामाला वेगळी वर्क ऑर्डर, हे मला बरं पडतं. फक्त मोबदला ठरावीक रकमेत लिहा. ‘नफा-तोटा निम्मा निम्मा’ लिहिलंत आणि वागलातही तसेच, तर वर मथळा काहीही असो, कोर्ट त्याला भागीदारी म्हणू शकतं.

तो जुना भागीदार आता माझ्या कामांवर सबकॉन्ट्रॅक्टर आहे. परवा त्याचा मेल आला: ‘क्लायंट आणखी दोन पानं मागतोय. काय सांगू?’