फोल्डस्कोप: सातवीच्या वर्गात वापरलेला कागदी मायक्रोस्कोप

करवीर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. सातवीला पेशी आणि सूक्ष्मजीवांचा धडा आहे. तो फोल्डस्कोप हातात देऊन शिकवायला लागल्यापासून दुसऱ्या कोणत्याही पद्धतीनं शिकवावासा वाटत नाही. घ्यावा की नाही असं बरेच शिक्षक विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

फोल्डस्कोप म्हणजे घड्या घालून तयार होणारा मायक्रोस्कोप. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी तो घडवला, 2014 मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. प्रकाश मूळचे मेरठचे, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले. हे सांगितलं की मुलं जरा सरसावून बसतात. न फाटणाऱ्या, पाण्याला दाद न देणाऱ्या जाड कागदाचे सुटे भाग आणि दोन-अडीच मिलिमीटरचा काचेचा मणी, एवढाच सगळा ऐवज. तो मणीच भिंग. त्यातून वस्तू 140 पट मोठी दिसते. सतराव्या शतकात डेल्फ्टचा कापड व्यापारी लेवेनहुक असल्याच एका इवल्या भिंगातून पाण्यातले जीव बघत होता.

जोडणीसाठी दोन तासिका लागतात आणि त्या द्याव्यातच. आपण जोडून आयता देऊ नये. भाग रंगांनी जुळवायचे असतात, सूचना चित्रांच्या आहेत, त्यामुळे इंग्रजीची धास्ती असलेलं मूलही अडत नाही. स्वतः जोडलेल्या वस्तूला मूल बिनधास्त हात लावतं. प्रयोगशाळेतला मोठा मायक्रोस्कोप बाई लावून देतात, मुलं रांगेनं येऊन एक डोळा लावतात, "दिसलं?" "हो बाई" आणि पुढचा. त्या "हो"मध्ये काय दिसलं ते कुणालाच कळत नाही.

काय बघायचं हे पुस्तकावर सोडू नका. कांद्याचा पापुद्रा हवाच, टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला की केंद्रकंही दिसतात. पण आमच्याकडे वर्ग खरा पेटला तो उसाच्या पानावर. निम्म्या मुलांच्या घरी ऊस आहे, पाल्यानं हात चिरणं त्यांना ठाऊक आहे. पानाची कड भिंगाखाली धरल्यावर एक मुलगा ओरडलाच, "बाई, ह्याला करवतीगत दात हाईत!" मग दात कशाचे, सगळे एकाच दिशेला का, पान उलट्या बाजूनं ओढलं तर कापतं का, असे प्रश्न सुरू झाले. ते दात सिलिकामुळे कडक असतात, हे मी त्यानंतर सांगितलं. प्रश्न आधी आला की उत्तर डोक्यात बसतं, हा माझा ठाम अनुभव आहे. जास्वंदीचे परागकणही जरूर दाखवा, काटेरी गोळे दिसतात. रंकाळा तलावाच्या काठचं शेवाळ आणलं तर त्यात कधी स्पायरोगायराचे धागे सापडतात, आत हिरवी फीत वळसे घेत गेलेली.

माझा एक नियम आहे: पहिल्या तासिकेला कशाचंही नाव घ्यायचं नाही. वहीत बांगडी ठेवून वर्तुळ काढायचं आणि त्यात जे दिसतं तेच काढायचं. हटकून निम्मा वर्ग जाड काळ्या कडेचा गोल काढतो आणि त्याला पेशी म्हणतो. तो हवेचा बुडबुडा असतो. मी लगेच सांगत नाही. दोन वह्या शेजारी ठेवते आणि विचारते, यातली पेशी कोणती, ठरवायचं कसं? कुणीतरी कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावर ठेवलेली पातळ काच, हलकेच दाबून बघतं. गोल सरकतो, आकार बदलतो. कांद्याच्या पेशी मात्र आपल्या शेजाऱ्यांना चिकटून जागच्या जागी राहतात. पुरावा म्हणजे काय, हे त्या अर्ध्या तासात मुलांना जितकं कळतं तितकं मला फळ्यावर कधीच शिकवता आलेलं नाही.

आता उणिवा. दह्यातले जिवाणू दिसतील या आशेनं घेऊ नका. सुमारे दोन मायक्रॉनपर्यंतचाच (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील यातून वेगळा दिसतो, त्यामुळे लॅक्टोबॅसिलाय नीट ओळखू येत नाहीत. यीस्टही ठिपक्यांएवढंच दिसतं. फोकस कागद अंगठ्यांनी हलवून साधावा लागतो, सुरुवातीला मुलं वैतागतात. डोळा भिंगाला जवळजवळ टेकवावा लागतो, चष्मेवाल्यांना चष्मा काढून बघणं सोपं जातं. चौथीपर्यंतच्या मुलांना मी देणार नाही, बोटांना तेवढा धीर नसतो. उजेड हवाच: खिडकीतून मोकळ्या आभाळाकडे धरायचा, सूर्याकडे कधीच नाही, हे वर्गात पुन्हा पुन्हा बजावायला हवं. जुलैतल्या अंधारलेल्या दिवसांत मोबाईलच्या टॉर्चपुढे पांढरा कागद धरून काम भागतं.

सोबतच्या चुंबकानं तो मोबाईलच्या कॅमेऱ्याला जोडता येतो. फोटो सुंदर येतात, पण ही सोय मी शेवटच्या तासिकेसाठी राखून ठेवते. पडद्यावर एकच चित्र सगळ्यांना दिसलं की मुलं स्वतःचं बघणं थांबवतात.

घेणार असाल तर वर्गासाठीचा साधा संच घ्या. डब्यातल्या महागड्या संचापेक्षा त्या पैशांत जास्त मुलांच्या हातात एकेक येतो, आणि दोघांत एक यापेक्षा कमी असतील तर रांगच लागते. काचपट्ट्या आणि कव्हरस्लिप वेगळ्या आणून ठेवा, कव्हरस्लिप संपल्या तर पारदर्शक चिकटपट्टीही चालते. शाळा सुरू होतानाच मागवा म्हणजे पावसाळ्यात हाताशी असतो: शेवाळ, डबक्यांचं पाणी, जास्वंद सगळं तेव्हा मुबलक मिळतं. उसाचं पान तर आपल्याकडे बारा महिने.