दहा महिने मोटरहोममधून: घोड्यांच्या स्पर्धांवर दुकान लावताना गाडीने काय दिलं, काय मागितलं

गाडी घेऊन दहा महिने झाले. एवढ्या काळात २३ स्पर्धा केल्या. सत्तरेक रात्री आम्ही दोघं या गाडीत झोपलो आणि तिच्याच दारात दुकान मांडलं. घोड्याचं आणि स्वाराचं सामान विकणारे अनेक जण 'मालाची व्हॅन आणि रात्री लॉज' की 'मोटरहोम' या विचारात असतात. आम्हीही वर्षभर होतो. त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे.

गाडी ७ मीटर लांब आहे. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, मागे आडवा पलंग, त्याखाली मोठं सामानघर. भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा ३,५०० किलो.

घेतली ती पहाटेसाठी. स्पर्धेचा पहिला वर्ग (गट) आठला असेल तर सहा वाजता मैदान जागं असतं आणि सामान तुटतं ते नेमकं तेव्हाच. रिकिबीचा पट्टा शिलाईतून सुटतो, तंगाचं (खोगीर पोटाखालून आवळायच्या पट्ट्याचं) बक्कल मोडतं, हातमोजे घरी राहिलेले असतात. लॉजवर राहायचो तेव्हा साडेआठला दुकान उघडायचो. तोवर त्या माणसाने कुणाकडून तरी उसनं घेऊन वेळ भागवलेली असायची. आता सव्वासहाला दारावर टकटक होते. संध्याकाळही आमची झाली. घोड्यांना चारापाणी करून स्वार निवांत फेरी मारतात. हेल्मेट बसतंय का हे वीस मिनिटं घालून बघायला त्यांना तेव्हाच सवड असते. हेल्मेट घाईत विकू नये, असं माझं ठाम मत आहे. २०२१ पासून आंतरराष्ट्रीय ड्रेसाजमध्येही (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेतही) टॉप हॅटची, म्हणजे उंच टोपीची, जागा हेल्मेटने घेतली, तेव्हा गिऱ्हाईक सगळ्याच प्रकारांतून येतं. एवढ्या एका कारणासाठी मी ही गाडी पुन्हा घेईन.

आता वजन. यावर कुणी आधी नीट बोललं असतं तर आमचे पहिले दोन महिने वाचले असते.

कागदावर आमच्या गाडीत ५५० किलो भरता येतात. त्यातून बाजूचं कापडी छत, सोलर पॅनेल, जादा बॅटरी, दुकानाचा तंबू आणि टेबलं मिळून १७० गेले. चालक सोडून दुसऱ्या माणसाचे ६५. पाण्याची टाकी १०० लिटरची, म्हणजे थेट १०० किलो. अंथरूण, भांडी, कपडे, शिधा यांचे ८०. मालासाठी उरले १३५ किलो. एक खोगीर सहज ७-८ किलो भरतं. हिवाळी झूल ४-५ किलोची, म्हणजे वीस झुली घेतल्या की विषय संपला. पहिल्या दौऱ्याला आम्ही हे सगळं भरून निघालो आणि वाटेत वजनकाट्यावर गाडी चढवली तेव्हा ती मर्यादेच्या बरीच वर होती. जादा वजनाने ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, टायर तापतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न वजनाचा विचारते. तिथून परत फिरलो आणि निम्मा माल उतरवला.

आता टाकीत २० लिटरच पाणी घेऊन निघतो आणि मैदानावर पोचल्यावर ती भरतो. एवढ्यानेच ८० किलो सुटले. खोगिरं नेणं पूर्ण बंद केलं. खोगीर तसंही घोड्याच्या पाठीवर बसवून, माप घेऊन विकायची वस्तू आहे. झुलींचा प्रत्येकी एकच नमुना ठेवतो आणि मापाप्रमाणे घरपोच पाठवतो. उरलेल्या जागेत हलका आणि ऐनवेळी लागणारा माल असतो: हातमोजे, केसांच्या जाळ्या, आयाळीच्या वेण्यांचे रबर, खूर साफ करायचे आकडे, खरारे, तंग, रिकिबीचे पट्टे, बिट (लगामाचा तोंडात बसणारा भाग), घोडा घसरू नये म्हणून त्याच्या नालेत बसवायचे स्टड. तीन दिवसांच्या इव्हेंटिंगला (ड्रेसाज, क्रॉसकंट्री म्हणजे मोकळ्या रानातले अडथळे, आणि मैदानातल्या उड्या अशी तिहेरी स्पर्धा) ड्रेसाजच्या सकाळी खोगिराखालची पांढरी पॅडं आणि मोजे खपतात, क्रॉसकंट्रीच्या आदल्या संध्याकाळी स्टड आणि घोड्याच्या पायाचे बूट. त्या क्रमाने खोकी लावली की दार उघडल्यावर शोधाशोध होत नाही.

वजन किती, यासोबत ते कुठे ठेवलंय हेही तितकंच महत्त्वाचं. मागचं सामानघर मागच्या आसाच्याही पलीकडे लोंबतं. आमच्या गाडीत दोन आसांमधलं अंतर ४ मीटर आहे. मागच्या आसापासून १.८ मीटर मागे १५० किलो ठेवले, तर पुढच्या आसावरचं ६७ किलो वजन उचललं जातं आणि मागच्यावर २१७ ची भर पडते. तरफेचा साधा नियम. पण ताकद पुढच्या चाकांना असते, आणि तीच हलकी होऊन ओल्या गवतावर जागच्या जागी फिरतात. पाचव्या स्पर्धेत असंच झालं. ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढलं, मैदानात दोन खोल चर पडले आणि आयोजकांची नाराजी मला फार लागली. तेव्हापासून जड खोकी दोन आसांच्या मध्ये, जमिनीलगत ठेवतो. मागे फक्त तंबू आणि हेल्मेट. हेल्मेट जागा खातं, वजन नाही. मात्र उन्हात तापणाऱ्या काचेजवळ ते ठेवू नये, आतला फोम खराब होतो.

चामड्याचं दुखणं वेगळंच निघालं. रात्रभर दोन माणसं श्वास सोडतात आणि सकाळी गॅसवर चहा होतो. एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते, हे मला नंतर कळलं. थंडीत ती वाफ भिंतींवर बसायची आणि पलंगाखालच्या बंद खोक्यांतल्या पट्ट्यांवर तीन आठवड्यांत पांढरी बुरशी धरली. अकरा पट्टे विक्रीतून काढावे लागले. हवेतला दमटपणा ६५-७० टक्क्यांच्या वर टिकला की चामड्यावर बुरशी येतेच. आता एक छोटा आर्द्रतामापक लावलाय, स्वयंपाक करताना छताची खिडकी उघडी असते, आणि चामडं प्लॅस्टिकऐवजी सुती पिशव्यांत टांगलेलं असतं. त्यानंतर एकही पट्टा गेलेला नाही.

विजेचं समाधान आहे. आधीच्या लेड-ॲसिड बॅटरीची १०० अँपिअर-तासांपैकी निम्मीच क्षमता वापरायची, नाहीतर ती लवकर मरते. शिवाय वजन २५ किलोच्या वर. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी साधारण १२ किलोची आणि ८०-९० टक्के वापरता येते. दुकानाचे एलईडी दिवे, कार्ड मशीन, फोन, फ्रिज असं सगळं दोन दिवस निघतं. गोठणबिंदूखाली ती चार्ज करू नये, म्हणून गाडीच्या आतच बसवली. जनरेटर मुद्दाम घेतला नाही. तबेल्याजवळ तो आवाज कुणालाच नको असतो.

घोड्यांचा विचार दुकान लावताना आधी करावा लागतो. वाऱ्यावर फडफडणारं कापड बघून तरुण घोडा बिथरतो आणि त्याच्या पाठीवर एखादी बारा वर्षांची मुलगी असू शकते. म्हणून सरावाच्या वाटेकडे आम्ही गाडीची बंद बाजू ठेवतो, छताच्या कडा ताणून बांधतो, आणि वारा वाढला की विक्री चालू असली तरी छत गुंडाळतो.

रोगाचं तर आणखी जपावं लागतं. आम्ही एका स्पर्धेवरून दुसरीकडे जातो, म्हणजे संसर्गही नेऊ शकतो. स्ट्रँगल्सचे (घोड्यांच्या घशाजवळच्या गाठी सुजवणाऱ्या रोगाचे) जंतू हातांनी, कपड्यांनी, बादल्यांनी पसरतात. घोड्याच्या तोंडाला लागलेली म्होरकी किंवा बिट आम्ही परत घेत नाही, हे पाटीवरच लिहिलंय. यावरून दोन गिऱ्हाइकं रागावून गेली, तरी नियम बदलणार नाही. २०२१ च्या सुरुवातीला स्पेनमध्ये वॅलेन्सियाच्या स्पर्धेत घोड्यांच्या हर्पिस विषाणूची साथ पसरली, घोडे दगावले आणि युरोपातल्या अनेक देशांत आंतरराष्ट्रीय स्पर्धा कित्येक आठवडे बंद राहिल्या. ज्याचं पोट या मैदानांवर आहे त्याने बूट धुवायला आळस करू नये.

बाकी थोडक्यात. विमा घेताना गाडीतून व्यवसाय करणार हे लेखी कळवा, घरगुती वापराच्या विम्यात ते बहुधा बसत नाही. उतारावर गाडी समतल करायचे ठोकळे लागतातच. सांडपाण्याची टाकी रोज रिकामी करा. पलंग उत्तम आहे, शॉवर अरुंद.

पुढच्या हंगामाआधी दोन कामं काढली आहेत. दाराच्या आत रिकिबीच्या पट्ट्यांसाठी लांबीप्रमाणे खुंट्या लावायच्या, म्हणजे पहाटे दिवा न लावताही हाताला सापडतील. आणि पुढच्या आसनामागे तंगांचा कप्पा करायचा. मागून तेवढे १५ किलो कमी झाले की पुन्हा वजनकाट्यावर जाऊन दोन्ही आस वेगवेगळे तोलणार आहोत.